नीलम्माची दोन कार्डं

वळसंग, ६ नोव्हेंबर

चि. नंदीशास अव्वाचा आशीर्वाद.

आधी ओळख करून देते, कारण तुझ्या ध्यानात असायचं काही कारण नाही. वळसंगात तुझ्या बापाचं घर आहे. त्या घरात एक म्हातारी राहते, ती तुझ्या बापाची आई लागते. नाव गुरम्मा. लहानपणी तू तिच्या पदराला नाक पुसायचास. आठवलं तर बरं. नाही आठवलं तर तसं कळव, फोटो पाठवते.

हे पत्र शरणप्पा लिहितोय, आपला पोस्टमन. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी खाकी पँट सुटत नाही त्याची. मी बोलते तसं लिही म्हटलं तर ऐकत नाही. मी ‘हाय’ म्हणाले की तो ‘आहे’ लिहितो. म्हणतो, "गुरम्मक्का, पोरगा लेखक हाय. त्याच्या म्होरं असलं लिवलं तर आपली अब्रू जाती." मी म्हटलं, जाऊ दे की, त्याच्या पुस्तकात तशीही काही शिल्लक ठेवलेली नाही. फोन केला असता, पण फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो आणि मला जे सांगायचंय ते त्याच्या कानावर इतक्यात जायला नको.

तुझ्या पुस्तकांचा गठ्ठा आला. चाळीस ‘विहिरीतली नीलम्मा’. सोबत चिठ्ठी, तीसुद्धा छापलेली. ‘प्रिय मित्र, लेखकाला लिहायला वेळ मिळतो, पण पुस्तक लोकांपर्यंत न्यायला मिळत नाही. आपण माझे दूत व्हा.’ मी तुझी मित्र आणि तुझी दूत. या वयात एकदम दोन नोकऱ्या लागल्या.

वेळ नाही म्हणे. शरणप्पाच्या फोनवर तू रोज दिसतोस. कॉफी पिताना दिसतोस, गाडीत बसून दिसतोस, एकदा तर दाढीला साबण लावलेला होता. पुस्तक नाकाशी धरतोस, डोळे मिटतोस आणि वास घेतोस. ती काय कोथिंबीर आहे? एवढा वेळ पुस्तकाचा वास घेण्यात गेल्यावर विकायला कुठून उरणार?

आणि तो तुझा मास्तर. ‘लेखकांनी मार्केटिंगला वेळ कसा काढावा’ असा क्लास लावलास म्हणे, फी भरून. शरणप्पाने त्याचाही व्हिडिओ लावला. गुळगुळीत तोंडाचा माणूस. पहाटे पाचला उठा, दात घासताना पुस्तकाबद्दल एक वाक्य बोला, दिवसातली पंधरा मिनिटं बाजूला काढा, आणि पुस्तकामागची खरी गोष्ट सांगा, खऱ्या गोष्टीला माणसं थांबतात. पाचला उठायचं हे शिकायला तुम्हाला फी भरावी लागते. आमच्याकडे ते काम कोंबडा करतो आणि त्याला कुणी सर म्हणत नाही.

त्या मास्तराचं ऐकून तू सांगत सुटलास की ही माझ्या आजीच्या बहिणीची खरी कहाणी आहे, हे बघा ती गेल्याचं जुनं पोस्टकार्ड. ट्रंकेतलं कार्ड तू नेलंस ते तेव्हा कळलं मला.

आता ऐक. दुपारी मठाच्या ओट्यावर शरणप्पा आम्हाला तुझं पुस्तक वाचून दाखवतो. मी असते, केराबाई हरभरे निवडत बसते, आणखी दोघीतिघी. सातव्या धड्यात नीलम्मा विहिरीच्या काठावर उभी राहते. दोन पानं नुसती उभीच आहे. मग उडी घेते. तिथं शरणप्पा थांबला. चष्मा काढून पुसायला लागला.

केराबाई म्हणाली, "काय झालं वो? पान फाटलंय व्हय?"

तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "न्हाय. छापणाऱ्याची चूक दिसती."

नंदीशा, माझी बहीण विहिरीत गेलेली नाही. नीलम्मा अकलूजला आहे. चार म्हशी आहेत तिच्या, रोज दोन वेळा डेअरीला दूध घालते. परवा पूनम म्हणून तिच्या नातीने सांगितलं, अजून दाताने ऊस सोलून खाते.

उत्तर शरणप्पाच्या फोनवर दे.

तुझी अव्वा
गुरम्मा (अंगठा)


वळसंग, १५ नोव्हेंबर

चि. नंदीशास आशीर्वाद.

निरोप मिळाला. शरणप्पाला दोनदा वाचायला लावला, कारण मला वाटलं दुसऱ्या कुणाचा चुकून इकडे आला. ‘अव्वा, हा शॉक आहे. पण प्रमोशन चालू आहे, डिसेंबरअखेर तीन मुलाखती आहेत, आत्ता या विषयाला वेळ नाही. तोवर कुणाला बोलू नकोस. शिवाय ती कादंबरी आहे.’

कादंबरी आहे तर फोनवर खरी खरी करत कशाला फिरतोस? आणि खरी असेल तर माणूस मेलंय की जिवंत आहे एवढं तरी बघून यावं. बकरं विकत घेणारा माणूससुद्धा त्याचे दात बघतो.

तुला एक कार्ड सापडलं. कार्डं दोन होती.

नीलम्मा माझी धाकटी. आईवडील गेल्यावर ती आमच्याकडेच होती. अकलूजचा तात्याबा धनगर दरवर्षी उन्हाळ्यात आपल्या रानात मेंढरं बसवायला यायचा. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत होतं, बदल्यात धान्य द्यायचं, अशी रीत होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी तो आला, मेंढरं बसवली, आणि उठवून नेली तेव्हा नीलम्मा त्यांच्याबरोबर गेली. धनगराच्या पोराबरोबर गेली म्हणून तुझा आजोबा शंकरप्पा महिनाभर मठात गेला नाही, तोंड कसं दाखवू म्हणून. त्याने सांगितलं, या घरात तिचं नाव निघणार नाही. निघालं नाही. शंकरप्पाने सांगितलं की आमच्याकडे वासरूसुद्धा हंबरताना विचार करायचं.

सहा वर्षं गेली. एक दिवस हा शरणप्पा सायकलवरून आला. नोकरी नवीन, मिशीही नवीन. कार्ड त्यानेच वाचलं. नीलम्मा वारली. खाली तात्याबाच्या गावच्या कुणाची सही.

तुझा आजोबा गोठ्यात गेला आणि असा रडला की बसलेले बैल उठून उभे राहिले. मी काय केलं ते विचारू नकोस.

नवव्या दिवशी दुसरं कार्ड आलं. ते शरणप्पाला अजून पाठ आहे, त्याला त्याच्या शब्दांत लिहू दे: ‘सौ. नीलम्मा खुशाल आहे. तिच्या डोक्यावर कावळा बसला म्हणून वारल्याचे कळविले होते. आपण रडलात, अरिष्ट टळले. राग नसावा.’

पुण्यात तुला हे कोण सांगणार. डोक्यावर कावळा बसला की मरण जवळ आलं असं मानायचे. मग आपल्या माणसांना मेल्याची खोटी बातमी धाडायची. ती रडली की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते परत जातं. मग खरं कळवायचं. घरोघरी असं चालायचं, कुणी मनावर घेत नसे. पण बातमी कुणालाही धाडून भागत नाही. जो पोटातून रडेल त्यालाच धाडावी लागते. सहा वर्षं जिचं नाव आम्ही घेतलं नाही, तिने विचार केला की आपल्यासाठी कोण रडेल, आणि आमचा पत्ता सांगितला.

शंकरप्पाला हे कळलं नाही असं नाही. कळलं म्हणूनच तो खवळला. "मला फसवून रडवलं," म्हणाला. दुसरं कार्ड चुलीत घातलं. पहिलं ट्रंकेत ठेवलं आणि म्हणाला, "आपल्यापुरतं हेच खरं." तुझ्या बापाला तेच सांगितलं गेलं. महेश्वरला आजही त्याची मावशी मेलेलीच ठाऊक आहे.

तू ट्रंक उघडलीस, पहिलं कार्ड घेतलंस आणि पळालास. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.

आता अकलूजला काय झालं ते. पूनम तिथं शाळेत शिकवते. एका सकाळी मास्तरणी सगळ्या तिच्याभोवती जमल्या, तुझा व्हिडिओ बघून; कार्डावरचं नाव आणि गाव त्यात दिसत होतं. "तुझ्या आजीचं ऐकून लई वाईट वाटलं गं," म्हणाल्या. पूनम नुकती आजीच्या हातचा चहा पिऊन आली होती. तिने घरी जाऊन दाखवलं. नीलम्माने तुला तीन वेळा बघितलं आणि शरणप्पाला फोन लावायला सांगितला. तिचा निरोप असा: "त्या पोराला म्हणावं, हितं यी. मला बघ. मग काय छापायचं ते छाप."

तेवढंच मागणं आहे. तू अकलूजला जायचं, आणि ज्या फोनवर तिला मारलंस त्याच फोनवर ती जिवंत आहे म्हणून सांगायचं. आणि जाताना मला गाडीत घालून न्यायचं. शंकरप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. मला एकदा माझ्या बहिणीच्या घरात उघड्या दाराने जायचंय. चार रविवार देते. तुझा मास्तर पंधरा मिनिटं काढायला सांगतो, मी एक दिवस मागते.

गुरम्मा (अंगठा)


वळसंग, २९ नोव्हेंबर

नंदीशा,

दोन रविवार गेले. तू आला नाहीस, तुझं कुरिअर गेलं. अकलूजला एक शाल आणि एक पुस्तक. आत तुझी सही, ‘प्रिय नीलम्माआजींना सप्रेम’. सहीच्या वर छापलेलं तसंच आहे, ‘नीलम्माच्या स्मृतीस’. पूनमने वाचून दाखवलं तेव्हा नीलम्मा म्हणाली, "दोन्ही मीच व्हय? मग शाल एकच कशी?"

शाल तिने म्हशीच्या पाठीवर घातली. थंडी पडलीय तिकडे.

आणि तू मला तुझ्या दिवसाचा तक्ता पाठवलास, वेळ नाही हे पटावं म्हणून. रंगीत आहे. शरणप्पाने भिंतीला टेकवून ठेवला आणि काठी लावून एकेक खण वाचला. नऊ ते सात ऑफिस, ते ठीक. सात ते साडेसात ‘वाचकांशी संवाद’. हे वाचक कोण, विचारलं तर शरणप्पा म्हणाला, ज्यांनी अजून पुस्तक वाचलं नाही ते. मग ‘कंटेंट’. मग ‘नेटवर्किंग’, म्हणजे एक लेखक दुसऱ्या लेखकाला म्हणतो तू थोर, दुसरा पहिल्याला म्हणतो तू थोर, आणि दोघं घरी जाऊन जेवतात. रविवारी सकाळी ‘चिंतन’. चिंतनाला तीन तास आहेत. केराबाई म्हणाली, "तितं झोपतो त्यो."

तुला वेळ आहे, लेका. ज्यांच्या तोंडाला तोंड द्यावं लागत नाही त्यांच्यासाठी तुझ्याकडे सगळा दिवस मोकळा आहे. नागपूरला गेलास, नाशिकला गेलास. तिथं तुला कुणी विचारणार नाही की ही बाई कुठल्या गल्लीतली. सोलापूरला मात्र एक कार्यक्रम घेतला नाहीस. मला वाटलं तू आम्हाला विसरलास. तसं नाही. तुला वळसंगच्या ओट्यावर बसून हे पुस्तक वाचायची भीती वाटते. कार्ड खरं का खोटं, हा संशय तुला पहिल्यापासून होता. पण विचारायला गेलास तर गोष्ट हातची जाईल, म्हणून विचारलं नाहीस.

गेल्या पत्रात मी हेच लिहिलं, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आज शरणप्पाच अडला. पेन खाली ठेवून म्हणाला, "गुरम्मक्का, त्यानं इचारलं हुतं तुमाला. मी व्हतो तितं."

होतास, शरणप्पा. खरं आहे. तू दहा वर्षांचा होतास, नंदीशा. ट्रंक उघडी होती, कार्ड तुझ्या हातात होतं. विचारलंस, "अव्वा, ही कोण?" मी म्हटलं, माझी बहीण. तू विचारलंस, "कुठंय?" तुझा आजोबा सोप्यात बसून पान लावत होता. मी म्हटलं, गेली.

आजोबा अकरा वर्षांपूर्वी गेला. तेव्हा सांगता आलं असतं. नंतरही कधीही सांगता आलं असतं. दुसरं कार्ड त्याने जाळलं आणि पहिलं मी सांभाळलं, ट्रंकेला कुलूपसुद्धा मीच लावत होते. तू ते एकदा छापलंस. मी ते पन्नास वर्षांच्या जवळपास तोंडी चालवलं. तेव्हा पोटभर हसायचा हक्क मला नाही, थोडा आहे तेवढा वापरते.

एवढ्या वर्षांत आम्ही तीन वेळा भेटलो. तिन्ही वेळा सोलापूरच्या एसटी स्टँडवर, अकलूजच्या फलाटाशी, उभ्याने. शरणप्पा निरोप पोचवायचा. गाडी लागली की ती जायची. बसून बोलायला लागलो तर कुणी ओळखीचं बघेल म्हणून मी तिला कधी बाकावर बसू दिलं नाही.

आता तुझे उरलेले दोन रविवार तुझे तू ठेव. चिंतन कर. मी शरणप्पाबरोबर एसटीने जाते. पुस्तकं बरोबर नेते, इथं त्यांना वाळवी लागेल.

गुरम्मा (अंगठा)


अकलूज, १० डिसेंबर

नंदीशा,

निघायच्या आदल्या दिवशी महेश्वरला सांगितलं. जेवत होता. मी म्हटलं, तुझी मावशी जिवंत आहे, मी उद्या तिच्याकडे निघाले. दोन्ही कार्डांचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हात धुतला. म्हणाला, "मला बाबांनी गोठ्यात बोलावून सांगितलेलं. नऊ वर्षांचा हुतो मी. चार दिवस शाळंत गेलो न्हाय." आणि उठून रानात गेला. स्टँडवर सोडायला आला नाही. तुझी आई आली. चंद्रिका म्हणाली, "अत्ती, त्यास्नी थोडा वेळ द्या." या घरात सगळ्यांना वेळ लागतो. मी म्हटलं, घे म्हणावं, माझ्याकडे लई उरलाय.

शरणप्पाने पुस्तकं पोत्यात घालून डोक्यावर घेतली. चाळीस वर्षं पत्रं वाहिली पण एवढं वजन कधी नव्हतं म्हणतो. हे त्याने स्वतःच्या अकलेने लिहिलंय.

नीलम्मा दारात उभी होती. हाताला शेण होतं. मी उंबऱ्याशी थांबले. ती म्हणाली, "अक्का, बस की आता. उभं ऱ्हायची सवय लागलीया तुला."

बसले. पुढचं तुला सांगणार नाही, तू छापशील.

पूनमने तिला विहिरीचा धडा पुन्हा वाचून दाखवला. ऐकून म्हणाली, "त्या वर्सी त्या हिरीला पाणी कुटं हुतं? उडी टाकली असती तर पाय मोडला असता निस्ता. आन मला लई रडवी केलीया. मी कवा रडले? रडायचं काम तुमच्याकडं दिलं हुतं." तात्याबा कोपऱ्यात बसून हसला. त्याला ऐकू कमी येतं, पण ‘पाणी कुटं हुतं’ एवढं ऐकलं त्याने.

काल इथला बाजार होता. सकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून, वैरण टाकून ती म्हणाली, "चला, ते पोतं घ्या." बाजाराच्या तोंडाशी, मिरच्यावाल्याच्या शेजारी पोतं पसरलं आणि त्यावर तुझी पुस्तकं मांडली. मी म्हटलं, काय सांगायचं गिऱ्हाइकाला? ती म्हणाली, "सांगायचं काय त्यात." आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायला लागली, "बगा, हे पुस्तक माज्यावर हाय. ह्यात मी मेले."

माणसं थांबली. तुझ्या मास्तराचं तेवढं एक खरं निघालं.

एक चष्मेवाला प्रोफेसर पुस्तक उलटंसुलटं करून म्हणाला, "आजी, मग यातलं खरं कुठलं?"

"खरं हितं बसलंय, खोटं तुमच्या हातात हाय. घरी घिऊन जावा आन ताडून बगा."

त्याने दोन घेतली. डेअरीवरच्या बायका आल्या, त्यांनी तिला चिमटे काढून बघितले आणि मग पुस्तक घेतलं. दुपारपर्यंत पोतं मोकळं झालं. मी तिथंच बसून होते, माझ्या बहिणीच्या शेजारी, भर बाजारात. ज्याने बघायचं त्याने बघितलं. ओळखीचा एक माणूस भेटला, गुरुलिंग, आपल्याच वळसंगचा, बैल बघायला आलेला. विचारलं, "गुरम्मक्का, हितं कुटं?" मी म्हटलं, ही माझी तंगी, पाठची बहीण नीलम्मा. एवढं तोंडातून काढायला मला सत्त्याहत्तर वर्षं लागली. आणि ती उठून झाडू घेऊन जागा झाडायला लागली, कारण म्हशींची संध्याकाळची धार चुकवायची नव्हती. तुला इतक्या दिवसांत जो वेळ मिळाला नाही, तो तिने दोन धारांच्या मध्ये काढला.

कुणीतरी ते फोनवर टाकलं आणि मग तुला जाग आली. तुझा फोन आला तेव्हा ती म्हशीखाली बसली होती. पूनमने फोन तिच्या कानाला लावला. तू म्हणालास, "आजी, मला माफ करा." ती म्हणाली, "बाळ, म्हशीला पान्हा आलाय, मागनं बोल." बरं झालं. माफी मागितली की लगेच मिळते असं तुला वाटायला नको.

काल रात्री तू व्हिडिओत बोललास ते शरणप्पाने लावून दाखवलं. तीन मिनिटांत सात वेळा ‘प्रवास’ म्हणालास. मी मोजत नव्हते, पूनम मोजत होती. पण एकदा सरळ म्हणालास, नीलम्मा जिवंत आहे, मी न विचारता लिहिलं. तेवढं नीलम्माने ऐकलं आणि पूनमला म्हणाली, "पुन्यांदा लाव." म्हणून मी जास्त बोलत नाही.

तू रविवारी येतोस म्हणालास. ये. ‘आल्यावर दोघी बहिणींचा छोटासा व्हिडिओ केला तर चालेल का’ असंही विचारलंस. चालणार नाही. फोन बंद करून खिशात ठेवायचा आणि वैरण उचलू लागायचं.

पुण्याहून अकलूज सरळ आहे हे मला ठाऊक आहे, शरणप्पाने रस्ता समजावून सांगितला. तू सरळ यायचं नाहीस. आधी वळसंगला जायचं. लांब पडेल, तिथं मुक्काम करावा लागेल, शनिवारही जाईल. जाऊ दे. आईला सांग, शेंगापोळ्या कर. आपल्या रानातल्या शेंगा, आपल्या चुलीवर, दुकानातल्या आणशील तर दारातून परत पाठवीन. नीलम्मा मेंढरांमागं गेली त्या दिवसापासून त्या चुलीवरचा घास तिच्या तोंडात गेलेला नाही. स्टँडवर तीन वेळा भेटले तेव्हा मीसुद्धा मोकळ्या हाताने गेले, डबा कुठं गेला म्हणून घरात विचारतील या भीतीने. पंचवीस पुरेत. तूप वेगळ्या बाटलीत आणा, वरून घालून आणाल तर पोळ्या मऊ पडतात आणि तिला त्या कडक लागतात. डबा मागच्या सीटवर टाकायचा नाही. पुढं महेश्वरला बसव, आणि तो त्याच्या मांडीवर दे.